जुना पाम घ्यायचाय? आधी विचारा, सेल कुठले लागतात

मागच्या उन्हाळ्यात एका स्लॅबच्या दिवशी काँक्रीट घेऊन आलेल्या चौथ्या ट्रान्झिट मिक्सरची वेळ टिपायला मी मोबाईल काढला. वर तीन मेसेज लोंबकळत होते. एक मामेभावाचा, एक सोसायटीच्या टँकरचा, एक कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचा. तिन्ही वाचले, दोघांना उत्तर दिलं आणि मान वर केली, तर मिक्सर रिकामा होऊन गेटबाहेर वळत होता. चलनावर वेळ टाकायची राहिलीच. त्या रात्री माळ्यावरच्या खोक्यातून जुना पाम खाली काढला. तेव्हापासून साइटवर तोच वापरतोय.

खिशातलं हे यंत्र बघून चारचौघांनी विचारलं, "आम्हालाही असं काहीतरी हवंय, काय घेऊ?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसिओची डिजिटल डायरी असायची, आखातातून कुणी आलं की हमखास यायची. पाम ही तिची पुढची पिढी. पहिला पाम पायलट १९९६चा. तो बनवण्याआधी त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा घेऊन हिंडायचे. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचं, म्हणजे आकार हाताला पटतो का ते कळतं. तारखा, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं, एवढीच चार कामं पाम करायचा आणि बटण दाबल्याबरोबर करायचा. मोबाईलनं या धंद्याचा घास घेतला, एचपीनं २०१० साली कंपनी विकत घेतली आणि पुढं सगळंच आटोपलं. आज मिळतो तो माल वापरलेला, जुन्या सामानाच्या साइटवर किंवा कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये.

आधी आठ दिवस वहीत लिहा

यंत्र शोधण्याआधी आठ दिवस खिशात छोटी वही ठेवा आणि दिवसभरात जे काही टिपावंसं वाटेल ते तिच्यात टिपा. आठव्या दिवशी वही उघडून बघा की त्यात आहे काय.

माझ्या वहीत जवळपास सगळं तारखेला बांधलेलं निघालं. स्लॅब कधी पडला, काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब कधी फोडायचे, सळईचा ट्रक कधी येणार, कुठल्या मुकादमाला किती उचल दिली. पाम याच कामाचा आहे. तुमच्या वहीत फोटो काढायच्या गोष्टी, लांबलचक मजकूर किंवा घरच्यांना पाठवायच्या याद्या निघाल्या, तर हा नाद सोडा. वही आहे तीच बरी.

मराठीचंही आताच सांगून टाकतो. पाममध्ये देवनागरी मुळात नाही. मी टिपणं रोमन लिपीत मराठीच लिहितो, सवय होते. खरी सोय नोटपॅडमध्ये आहे. तिथं काडीनं, म्हणजे स्टायलसनं, पडद्यावर हवं ते रेखाटता येतं, त्यामुळे "पाटलांना सेंट्रिंगचं विचार" हे सरळ देवनागरीत, आपल्याच अक्षरात लिहायचं आणि त्या चित्रालाच गजर लावायचा. वेळ झाली की तुमचंच वाकडंतिकडं अक्षर समोर उभं राहतं. यासाठी यंत्र निवडताना नोटपॅड आहे ना, ते बघा. पाम थ्री-एक्सई किंवा हँडस्प्रिंग व्हायझरसारख्या जुन्यांत तो नसतो, एम-१०० पासून पुढच्यांत असतो.

मधली किंमत म्हणजे कुठली

नवी होती तेव्हाची उतरंड लक्षात ठेवली की आजचा भाव कळायला सोपं जातं. तळाला २००५चा झेड-२२, ९९ डॉलरचा. वर टंग्स्टन टी, २००२ साली ४९९ डॉलरचा. मधला पट्टा १९९ ते २९९चा, आणि रोजच्या कामाची यंत्रं त्यातच आहेत. एम-१२५ (२००१, २४९ डॉलर), टंग्स्टन ई (२००३, १९९), झायर ७२ (२००४, २९९), टंग्स्टन ई-२ (२००५, २४९) आणि टी-एक्स (२००५, २९९).

तळाच्या झेड-२२ला बॅकअपच्या कार्डाची खाच नाही, आणि जुन्या यंत्रात कार्ड नसणं म्हणजे विम्याशिवाय गाडी चालवणं. वरच्या महागड्यांत सरकणारे भाग आणि असलं काय काय असतं, वीस वर्षांनी तेच आधी मोडतं.

आज विकणारे याच उतरंडीनं भाव लावतात असं नाही. दुर्मीळ, व्हिंटेज असे शब्द जाहिरातीत दिसले की भाव चढतो. तुम्ही शोकेस भरायला निघालेला नाही आहात. खोक्यासकट, पुस्तिकेसकट मिळणाऱ्या तुकड्याला जास्त पैसे मोजू नका. चार्जरसकट मिळणाऱ्याला जरूर मोजा.

वीज गेली तर काय होतं

सगळ्यात जास्त वेळ मी इथं घालवतो, आणि लोक नेमकं हेच विचारत नाहीत. रंग विचारतात, मेमरी विचारतात. अरे, ३२ एमबीत तुमच्या जन्मभराच्या तारखा मावतील.

या पाचांत विजेचे तीन प्रकार आहेत.

टंग्स्टन ई आणि झायर ७२ यांच्यात आत बसवलेली बॅटरी आहे आणि तुमची माहिती असते रॅममध्ये. बॅटरी पुरती उतरली की माहिती गेली. यंत्र नवं होतं तेव्हा ही वेळ क्वचित यायची. आता त्या बॅटरीचं वय वीसच्या वर आहे. चार दिवस सुट्टीवर गेलात, यंत्र ड्रॉवरमध्ये राहिलं, परत येऊन चार्जिंगला लावलं की ते कोरं करकरीत उठतं आणि "पडद्यावर इथं टोचा" म्हणून पहिल्या दिवसासारखं स्वागत करतं. माझ्यावर हा प्रसंग २००६च्या गणपतीत आला होता. तीनशेच्या आसपास नंबर गेले. अजून आठवतं.

ई-२ आणि टी-एक्स यांतली बॅटरीही आतच, पण माहिती फ्लॅशमध्ये. बॅटरी मेली तरी माहिती राहते. नवी बॅटरी बसवा, चार्ज करा, सगळं जागच्या जागी.

एम-१२५ दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. घड्याळवाल्याकडे, किराणावाल्याकडे, एसटी स्टँडवरच्या टपरीत कुठंही मिळणारे सेल. माहिती रॅममध्येच आहे, म्हणजे सेल काढल्यावर आतला छोटा कपॅसिटर तिला जेमतेम मिनिटभर धरून ठेवणार. तोही आता म्हातारा झालाय, तेव्हा तो धरेलच असं समजू नका. आधी कार्डावर बॅकअप घ्यायचा, मग सेल बदलायचे. एवढी शिस्त असेल तर हे यंत्र चार्जरचं, बॅटरीचं, कुणाचंच मिंधं नाही. मला एक जोडी महिनाभर जाते. रिचार्जेबल सेल टाकलेत तर मीटर सुरुवातीपासूनच कमी दाखवेल, कारण ते १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५चे.

माझा कौल असा. दिवसभर बाहेर, उन्हात, धुळीत असाल तर एम-१२५. टेबलावर बसून काम असेल आणि रोज चार्जिंगला लावायची सवय असेल तर ई-२. पडदा मोठा हवा असेल तर टी-एक्स, त्याचा पडदा ३२० बाय ४८० ठिपक्यांचा, शिवाय वायफाय. वायफायच्या भरवशावर मात्र घेऊ नका, आजच्या बहुतेक वेबसाइट त्याच्यावर उघडत नाहीत. तसं बघितलं तर आपल्याला तेच हवंय. टंग्स्टन ई कुणी फुकट दिला तर घ्या. झायर ७२चा तो निळा रंग पोपडे धरून निघतो, आणि त्यातला कॅमेरा १.२ मेगापिक्सेलचा आहे.

पडदा आणि अक्षर

एम-१२५चा पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, रंग नाही. घरात संध्याकाळी तो इतका मळकट दिसतो की पैसे वाया गेले असं वाटावं. तोच दुपारी बाराच्या उन्हात स्लॅबवर उभं राहून बघा. ऊन जितकं कडक तितकी अक्षरं ठसठशीत. शेजारी इंजिनीअर तळहाताचा आडोसा करून मोबाईलवर डोळे बारीक करत असतो. ई-२चा रंगीत पडदाही उन्हात वाचता येतो, पण यंत्र तिरकं धरून नेमका कोन साधावा लागतो. आत बसणाऱ्याला अर्थातच तो कितीतरी छान.

लिहायची लिपी ग्राफिटी. एम-१२५वर मूळची, जिच्यात प्रत्येक अक्षर हात न उचलता काढायचं. रोमन ए म्हणजे आडव्या रेघेविना छपराचा आकार, एफ म्हणजे वरची आडवी रेघ आणि खाली उतरलेला दांडा. दोन दिवस बोटं अडखळतात, तिसऱ्या दिवशी न बघता लिहायला लागता. बाकीच्या चारांवर ग्राफिटी-२ आहे. झेरॉक्सशी पेटंटचं भांडण झाल्यावर पामनं ती आणली. तिच्यात आय, टी, के, एक्स ही अक्षरं दोन फटक्यांत काढावी लागतात. दिसायला नेहमीच्या अक्षरासारखी, म्हणून नवख्याला सोपी, पण हात बसला की पहिलीच भरभर चालते. नवीन शिकणाऱ्यानं यावरून यंत्र ठरवू नये.

माहिती बाहेर कशी काढायची

हे घेण्याआधी ठरवायचं, घेतल्यावर नाही. जुनी पद्धत हॉटसिंकची. केबल लावा, बटण दाबा, पाम आणि संगणक एकमेकांशी जुळवून घेतात. अडचण अशी की पामचा यूएसबी ड्रायव्हर ३२-बिट विंडोजपुरता होता, आजचे संगणक ६४-बिट. न्यूझीलंडच्या असीका कंपनीनं आपल्या पाम ओएसवरच्या यंत्रांसाठी ६४-बिट ड्रायव्हर काढला होता, तो बऱ्याच पामना चालतो. माझा मार्ग याहून सोपा आहे. घरातल्या निकामी लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, त्यावर जे-पायलट हा प्रोग्राम. पाम जोडला की तारखा, पत्ते, टिपणं सगळं पडद्यावर.

संगणकाची कटकटच नको असेल तर एसडी कार्ड. कार्ड २ जीबी किंवा त्याहून लहानच घ्या. आता दुकानात मिळणारी मोठी एसडीएचसी कार्डं ही यंत्रं ओळखत नाहीत, आणि छोटं कार्ड शोधणं हे पाम शोधण्याइतकंच जिकिरीचं होऊन बसलंय. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पिशवीत बघा, तिथं हमखास सापडतं. ई-२ आणि टी-एक्ससाठी एनव्हीबॅकअप नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो रोज ठरल्या वेळी अख्खं यंत्र कार्डावर उतरवून ठेवतो.

हातात घेऊन काय काय बघायचं

गेल्या वर्षी मी एकाकडून "एकदम चालू" म्हणून ई-२ मागवला. चार्जर लावला की चालू, काढला की बंद. विकणारा म्हणाला, "चालू आहेच की." बरोबर आहे त्याचं, मीच नीट विचारलं नव्हतं. आता मी असं करतो.

पैसे देण्याआधी एक व्हिडिओ मागतो. चार्जर न लावता, बंद यंत्र, खालची चार बटणं एकामागून एक दाबायची. पाममध्ये ही बटणं यंत्र चालूही करतात आणि थेट आपापल्या पानावर नेतात. कॅलेंडरचं बटण दाबलं की बंद यंत्र कॅलेंडरवरच उघडतं. डोक्यातली गोष्ट निसटायच्या आत लिहिली जाते ती याच्यामुळे, तेव्हा त्यातलं एक बटण मेलेलं असेल तर भाव पाडा. अगदीच आवडलं यंत्र तर सेटिंगमधून दुसऱ्या बटणाला ते काम देता येतं.

यंत्र हातात आलं की नोटपॅड उघडा आणि काडीनं कडेपासून कडेपर्यंत आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढा, भरतकामाच्या कापडासारखी. रेघ मध्ये तुटली किंवा काडी एकीकडे आणि रेघ दुसरीकडे असं झालं, तर सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. चुकीच्या जागी उमटणारी रेघ त्यानं बहुधा सुधारते. तुटणारी रेघ सुधारत नाही, ते यंत्र परत करा. ग्राफिटी लिहायचा चौकोनही तपासा, जुन्या मालकानं तिथं वर्षानुवर्षं घासलेलं असतं.

एम-१२५ असेल तर सेलचं झाकण उघडून स्प्रिंग बघा. पांढरी-हिरवट भुकटी दिसली म्हणजे सेल आत फुटले होते. थोडं असेल तर कापसाच्या काडीला लिंबाचा थेंब लावून पुसायचं, नंतर स्पिरिट फिरवायचं, वाळू द्यायचं. भुकटी झाकणापलीकडं सर्किटकडं सरकलेली दिसली तर हात जोडून नमस्कार करावा.

ई-२ किंवा टी-एक्स असेल तर पूर्ण चार्ज करून रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी मीटर बघा. किंचित उतरला तर ठीक. अर्धा रिकामा झाला तर बॅटरी बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. यंत्र उघडावं लागतं, मोबाईल दुरुस्तीवाला करून देतो, पण तो आधी पाच मिनिटं तुमच्याकडं बघत राहील. या दोन्हींना चार्जिंग आणि हॉटसिंक एकाच रुंद खाचेतून होतं आणि त्या खाचेची केबल वेगळीच असते. टंग्स्टन ई आणि झायरला चार्जिंगची पिन निराळी आणि यूएसबीची निराळी. यूएसबी लावून रात्रभर ठेवलं आणि सकाळी यंत्र मेलेलं, असं होऊ देऊ नका.

शेवटी हार्ड रिसेट. पॉवरचं बटण दाबून धरा, मागच्या भोकात टाचणी टोचा, बटण सोडा, विचारलं की वरच्या बटणानं होकार द्या. जुन्या मालकाचं सगळं पुसलं जातं. माझ्या ई-२मध्ये कुणाचे तरी घरचे पत्ते, बँकेचे नंबर, सगळं शाबूत होतं. तुमचा विकाल तेव्हाही हे विसरू नका. आणि पासवर्डाच्या भरवशावर एटीएमचा पिन यात ठेवू नका, तो पासवर्ड म्हणजे कडी लावलेलं दार आहे, कुलूप नाही.

पहिल्या आठवड्याची मांडणी

नव्या यंत्रात सगळे नंबर एका दिवसात भरायला बसू नका. कंटाळाल आणि यंत्र ड्रॉवरमध्ये जाईल. ज्याला फोन करावा लागला त्याचा नंबर त्या दिवशी भरायचा. महिन्यात कामाचे सगळे येतात, आणि बाकीचे कामाचे नव्हतेच हे कळतं.

वर्गवारी जास्तीत जास्त पंधरा करता येतात. मी चारच केल्यात, साइट, घर, पैसे, सटरफटर. एम-१२५मध्ये एका टिपणात सुमारे चार हजार अक्षरं बसतात, तेव्हा मुकादमांच्या उचलीचं एकच लांब टिपण न करता माणसागणिक एक करा.

कॅलेंडरचा माझा वापर दाखवतो. स्लॅब बुधवारी पडला. सात दिवसांनी क्यूब फोडायचे, अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा. सात आणि अठ्ठावीस, दोन्ही वेळा बुधवारच येतो, त्यामुळे पाममध्ये आठवडे पुढं ढकलत त्याच वारावर नोंद टाकायची आणि गजर एक दिवस आधीचा लावायचा, म्हणजे लॅबला मंगळवारीच फोन जातो. गजर ऐकू येईल अशी मात्र आशा धरू नका. किणकिण इतकी बारीक आहे की काँक्रीटचा व्हायब्रेटर चालू असताना ब्रह्मदेवालाही ऐकू येणार नाही. मी सकाळी चहाबरोबर एकदा आणि जेवणानंतर एकदा पान उघडून बघतो.

पडद्यावर पारदर्शक चिकटकागद लावाच. सिमेंटची भुकटी काडीखाली आली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. मी मोबाईलच्या दुकानातून मोठा तुकडा आणून कात्रीनं कापतो, एकाच तुकड्यात तीनदा भागतं.

बॅकअपला वार ठरवून टाका. आमच्याकडे शनिवारी मजुरांचे पगार होतात. शेवटच्या माणसाच्या हातात पैसे पडले की मी कार्ड आत सारतो आणि बॅकअप घेतो. सेल बदलायचे असतील तर त्यानंतर लगेच.

अजून एक राहिलं. पामचं कॅलेंडर १९०४पासून सुरू होतं आणि वर्षासाठी त्यात जागा आहे एकशे अठ्ठावीस वर्षांपुरतीच. म्हणजे ३१ डिसेंबर २०३१च्या पुढची तारीख त्यात टाकताच येत नाही. दोष दायित्वाची, वॉरंटीची, विम्याची अशी लांबची मुदत असेल तर ती वेगळ्या टिपणात लिहा. मी तसं एक टिपण उघडलंय, नाव दिलंय "२०३२ नंतर". सध्या त्यात तीन नोंदी आहेत, दोन वॉटरप्रूफिंगच्या हमीच्या आणि एक गृहकर्जाच्या शेवटच्या हप्त्याची.